पेढा, परडी आणि प्रभुभोजन

तुळजापूरहून परतणारा भाविक कुंकू आणि पेढे घेऊन निघतो, गावी पोचल्यावर शेजारीपाजारी वाटतो. जो आला नाही त्यालाही देवीचा प्रसाद मिळतो. याच सवयीच्या नजरेने चर्चकडे पाहिलं की मत ठरून जातं: भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट, म्हणजेच प्रभुभोजन, हा ख्रिस्ती लोकांचा प्रसाद. सर्वधर्मसमभावाच्या व्यासपीठावर हे इतक्या मायेने सांगितलं जातं की हरकत घेणाराच कोता ठरतो. तरी हरकत घेतो.

पूर्वपक्ष कच्चा नाही. दोन्हीकडे अन्न आहे, ते पवित्र मानलं जातं आणि वाट्याला चिमूटभरच येतं. कॅथलिकांच्या मते तर भाकरीचं सत्त्वच बदलून ती ख्रिस्ताचं शरीर होते. ट्रेंटच्या धर्मसभेने 1551 मध्ये हे ठासून मांडलं. आजाऱ्याकडे ती घरीही नेतात. मग फरक कुठे उरला?

फरक असा की प्रसाद एकट्याने खाल्ला तरी पुरा होतो. प्रभुभोजन होत नाही. येशूचा प्रेषित पौल याने करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला झापलं ते भाकरी विटाळली म्हणून नव्हे. खाऊनपिऊन सुखी असलेले आपलं आधी उरकत आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी राहत; असलं जेवण प्रभूचं नव्हेच, असं त्याने सुनावलं. इ.स. 150 च्या सुमारास रोममध्ये जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने उपासनेचं वर्णन लिहिलं. त्यात सेवक गैरहजरांचा वाटा घरी पोचवतात आणि जमलेला पैसा अनाथ-विधवांना जातो. आजाऱ्याच्या उशाशी भाकरी पोचते ती अशी, तो पंगतीबाहेर पडू नये म्हणून. बिशप ऑगस्टिन तर नवदीक्षितांना सांगे की तुम्ही सगळे मिळून ख्रिस्ताचं शरीर आहात, तेव्हा मेजावर तुमचंच गूढ मांडलेलं आहे.

एक मात्र कबूल. उदारपणात प्रसाद पुढे आहे. पुढे आलेल्या हाताला कुणी धर्म विचारत नाही. प्रभुभोजनाला बहुतेक मंडळ्यांत बाप्तिस्म्याची अट असते.

‘मग चर्चमध्ये जात कशी शिरली?’ हा टोला येणारच. शिरलीच. दक्षिणेतल्या मंडळ्यांत आधी वरच्या जातींनी आणि मागून इतरांनी प्रभुभोजन घ्यायची रीत होती. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी 1833 मध्ये ती मोडायला सांगितली, तेव्हा कित्येकांनी चर्चच सोडलं. शेजारी कोण उभं आहे यावरून कुणी पेढा नाकारून निघून गेल्याचं ऐकिवात नाही. इथे गेले, कारण मेजावर बसणं म्हणजे काय हे त्यांना नेमकं कळलं होतं.

आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांना ते उलट बाजूने कळलं. 1895 मध्ये त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, ख्रिस्ती झाले. पुढे त्या त्यांच्याकडे राहायला गेल्या, तरी सोवळं आणि वेगळी चूल काही सुटेना. जातिभेद मनातून गळाला, कुणाच्याही हातचं पाणी चालू लागलं, आणि त्यानंतर 1900 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे त्यांच्या आत्मचरित्रात, ‘स्मृतिचित्रे’त, आधी स्वयंपाकघर बदलतं. प्रभुभोजनावरच्या जाडजूड ग्रंथांपेक्षा मला हा क्रम जास्त शिकवतो.

तुलना तुळजापुरातच हवी असेल तर पेढा सोडा, परडी बघा. मंगळवार-शुक्रवारी जोगवा मागताना खात्यापित्या घरची बाईसुद्धा पाच दारांत उभी राहते, आणि पाच घरांचं पीठ एका परडीत मिसळतं. इथे घेणाऱ्याचा ताठा आधी मोडतो. प्रभुभोजनाच्या हे बरंच जवळचं आहे. ती पाच घरं कोणत्या आळीतली, एवढं मात्र विचारायला हवं. करिंथकरांवर पौलाचा रोख होता तो याच प्रश्नाचा.