आवर घालणारे जनुक

रोगप्रतिकाराचा इतिहास आपण बहुधा देवीच्या लशीपासून सांगतो आणि शत्रूचा मोड कसा झाला याचेच वर्णन करीत राहतो. आज आम्हांस निराळ्याच प्रश्नाकडे वळावयाचे आहे. शरीराच्या या फौजेने घरच्यांवरच हात टाकू नये, ही व्यवस्था कोण पाहते?

अमेरिकेत टेनेसी राज्यातील ओक रिज हे गाव अणुबाँबच्या कामासाठी वसविलेले. किरणोत्साराचे परिणाम तपासण्याकरिता तेथे उंदरांची मोठी पैदास चाले. १९४९ साली तेथे काही नर पिले खवल्यांच्या कातडीची, प्लीहा व लसिकाग्रंथी फुगलेली अशी निपजली आणि थोड्याच आठवड्यांत मेली. हा दोष किरणांमुळे आलेला नव्हता, आपोआप उद्भवला होता. माद्या मात्र निरोगी राहत. म्हणजे दोष एक्स गुणसूत्रावरचा. असले रोगट वाण पन्नास वर्षे कोण सांभाळील? ते सांभाळले गेले, हीच गोष्ट आम्हांस या साऱ्या इतिहासात फार मोलाची वाटते.

जपानात शिमोन साकागुची यांच्यापुढे दुसरेच कोडे होते. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी थायमस ग्रंथी काढलेल्या उंदरांची प्रतिकारशक्ती मंदावण्याऐवजी स्वतःच्याच अवयवांवर उलटे. निरोगी उंदराच्या टी-पेशी टोचल्या की रोग टळे. तेव्हा आवर घालणाऱ्याही पेशी असल्याच पाहिजेत! १९८०च्या दशकात विद्वानांनी ही कल्पना जवळजवळ टाकून दिली होती, कारण तिच्या नावावर पुष्कळ कच्चा पुरावा खपविला गेला होता. साकागुचींनी ती सोडली नाही. १९९५ साली त्यांनी त्या पेशींची खूणच दाखविली.

उंदरांतील दोषाचा माग मेरी ब्रन्को व फ्रेड रॅम्सडेल यांनी काढला. एक्स गुणसूत्राची अक्षरे सुमारे १७ कोटी. शोध आखडत ५ लाखांवर आणि तेथून २० जनुकांवर आला. एकोणीस निर्दोष निघाली. विसाव्यात दोन जादा अक्षरे घुसलेली आढळली. त्याचे नाव फॉक्सपी३. त्याचे प्रथिन डीएनएला बिलगून इतर जनुके चालू वा बंद करते. याच जनुकातील बिघाडाने काही मुलगे तान्हेपणीच मधुमेह, अतिसार व त्वचारोग यांनी ग्रस्त होऊन दगावतात, हेही त्याच वर्षी, २००१ साली, उघड झाले.

साकागुचींच्या पेशी घडविणारे जनुक हेच, हे २००३ साली सिद्ध झाले. तिघांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या मुलांपैकी काहींना आता अस्थिमज्जारोपणाने वाचविता येते; मात्र रोग वेळीच ओळखला गेला पाहिजे.