सरीसृपजन्य साल्मोनेला संसर्ग

सरीसृपजन्य साल्मोनेला संसर्ग हा कासव, सरडा, साप, पाल इत्यादी सरपटणाऱ्या प्राण्यांपासून माणसाला होणारा जिवाणूजन्य आजार आहे. पाच वर्षांखालील मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या व्यक्ती यांना त्याचा धोका अधिक असतो.

कारण

साल्मोनेला या जिवाणू प्रजातीला अमेरिकी पशुवैद्यक डॅनियल एल्मर सॅल्मन यांचे नाव देण्यात आले आहे. हे जिवाणू सरीसृपांच्या आतड्यात राहतात. प्राणी मात्र निरोगी दिसतो. विष्ठेतून ते अधूनमधूनच बाहेर पडत असल्याने एका तपासणीत न आढळल्यास प्राणी जिवाणूमुक्त ठरत नाही. विषमज्वर घडवणारा साल्मोनेला टायफी केवळ माणसांतच आढळतो. तो सरीसृपांपासून पसरत नाही.

प्रसार

विष्ठेमुळे प्राण्याचे कवच, कातडी, पिंजरा व टाकीतील पाणी दूषित होते. तेथून जिवाणू हातावाटे तोंडात जातात. प्राण्याला स्पर्श न करणाऱ्या घरातील बालकालाही असा संसर्ग होऊ शकतो.

लक्षणे व उपचार

संसर्गानंतर साधारणतः ६ तास ते ६ दिवसांत जुलाब, ताप व पोटात कळा सुरू होतात. बहुतेक रुग्ण ४ ते ७ दिवसांत बरे होतात. जलसंजीवनी देऊन शरीरातील पाण्याची हानी भरून काढणे हा मुख्य उपचार होय. जिवाणू रक्तात शिरल्यास आजार प्राणघातक ठरू शकतो. अशा वेळी प्रतिजैविके आवश्यक असतात.

भारतातील संदर्भ

मूळचे अमेरिकेतील रेड-इअर्ड स्लायडर हे छोटे कासव मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत हौसेने पाळले जाते. खुद्द अमेरिकेत मुलांमधील संसर्गामुळे १९७५ साली ४ इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली. भारतीय तारा कासव पाळणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे.

महाराष्ट्रात पाल पडलेले अन्न विषारी होते असा समज रूढ आहे. वास्तविक घरातील पाल विषारी नसते. तथापि तिच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो. त्यामुळे असे अन्न टाकून देणेच योग्य ठरते.

प्रतिबंध

* प्राणी अथवा त्याची टाकी हाताळल्यावर साबणाने हात धुणे.
* टाकी व पिंजरा स्वयंपाकघरात न धुणे.
* पाच वर्षांखालील मुले असलेल्या घरात सरीसृप न पाळणे.
* पाळलेले कासव तळ्यात वा नदीत न सोडणे. त्यामुळे स्थानिक कासवांना धोका पोहोचतो.
* अन्न व पिण्याचे पाणी झाकून ठेवणे.