किती शोधक पुरे?

गुहेत वाट चुकलेला माणूस एका जागी बसून राहिला, तर आज ना उद्या सापडेल. पण घाबरलेला जीव बसतो थोडाच! शोधकांनी धुंडाळून सोडलेल्या वाटेवर तोच त्यांच्या पाठीमागे येऊन भटकू लागतो. मग तो हमखास सापडावा, म्हणून कमीत कमी माणसे किती हवीत? हा प्रश्न अमेरिकन गुहाशोधक ब्रीश यांनी १९६७ साली मांडला. पार्सन्स या गणितज्ञांनी त्याला बिंदू-रेषांच्या जाळ्याचे रूप दिले. त्यांचा निबंध १९७८ साली छापला गेला.

सरळ भुयाराला एकच माणूस पुरतो. तीन फाटे फुटले, की दोन लागतात: एकाने नाक्यावर ठाण मांडावे, दुसऱ्याने एकेक फाटा धुंडाळावा.

चोर डोळ्यांसमोर असला, की हिशेब बदलतो. रेघ रेघेला न छेदता कागदावर काढता येईल असे कोणतेही जाळे घ्या. पाळीपाळीने एकेक घर सरकणाऱ्या चोराला तीन शिपाई पकडतातच, हे आयग्नर आणि फ्रोम यांनी १९८४ साली सिद्ध केले. अंधारात मात्र फाट्यांना फाटे फुटत गेले, तर कितीही माणसे अपुरी पडावीत!

म्हणून वाचकहो, "सगळीकडे शोधले" म्हणणाऱ्याला एवढेच विचारावे: मागची वाट कोणी राखली होती?