धुरांड्याचा वाली

भाड्याचें घर घेणारा मनुष्य विहिरीचें पाणी चाखून पाहातो, दारांच्या कड्या ओढून पाहातो, मान वर करून कौलें पाहातो; पण भिंतींतील शेगडीच्या धुरांड्यांत डोकावणारा भाडेकरू विरळाच. आंबोलीसारख्या ठिकाणीं हा विसर महागांत पडावयाचा. सह्याद्रीच्या माथ्यावरचें हें गांव वेंगुर्ल्याहून बेळगांवास जाणाऱ्या घाटरस्त्यावर आहे. १८८० नंतरच्या दशकांत सावंतवाडी संस्थानचे पोलिटिकल एजंट कर्नल वेस्ट्रॉप यांनीं त्यास हवा खाण्याच्या ठिकाणाचें रूप दिलें. पाऊस वर्षाकाठीं सुमारें ७५० सेंटिमीटर! तेव्हां येथें विस्तव हवा तो थंडीपेक्षां ओलीसाठीं, आणि लांकडें मिळावयाचीं तींही ओलसरच. ओल्या लांकडाचा धूर गार भिंतीस लागला कीं डांबरासारखा थर धरतो. तो थर एखादे दिवशीं आंतच पेट घेतो, नाहींतर धुराची वाट बुजवून विषारी वायु खोलींत परत पाठवितो. त्या वायूस वासही नसतो. मग धुरांडें साफ करणारा भरंवशाचा मनुष्य शोधूं जावें, तर आपल्याकडे तसा धंदाच आढळत नाहीं. तो कां आढळत नाहीं, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

गांवगाड्यांत सुतार, लोहार, कुंभार, परीट, न्हावी, गुरव असे बलुतेदार होते. धुरांडें झाडणारा त्यांत नव्हता, कारण झाडावयास धुरांडेंच नव्हतें. शब्दाची गंमत पाहा. इंग्रजी शब्द मराठींत शिरतांना ‘चिमणी’ होऊन बसला. गिरणीचें उंच नळकांडें त्यानें आपलेंसें केलें, रॉकेलच्या दिव्याची कांच केली, तो दिवाही केला. घरच्या चुलीवर मात्र तो फारसा चढला नाहीं. कोंकणांतील चुलीचा धूर माळ्यावरून फिरत, वाशांना काळें करीत, नळीच्या कौलांच्या फटींतून आपला आपण निघून जाई. तो अगदींच निरुपयोगी होता असेंही नव्हे. त्यानें वाशांना भुंगा लागत नसे, चुलीवर टांगलेलें बियाणें टिके. मृगापूर्वीं कौलें परततांना काजळी झटकली जाई. म्हणजे कौलें परतणारा गडी हाच आमचा धुरांडेवाला. पुढें १८६५ सालीं बासेल मिशननें मंगळुरास कारखाना काढला. तेथील एकमेकांत घट्ट बसणारीं कौलें कोंकणांत पसरलीं, तेव्हां पाऊस अडला आणि त्याबरोबर धूरही अडला. त्याची किंमत चुलीपुढें बसणाऱ्या बाईनें डोळ्यांनीं व छातीनें भरली. तिनें ती कोणाकडे मागितली नाहीं, म्हणून कोणत्याही जमाखर्चांत ती दिसत नाहीं.

इंग्लंडांत ही किंमत मुलांनीं भरली. दगडी कोळसा घरोघर आला तशीं धुरांडीं अरुंद व वांकडीं होत गेलीं. नऊ इंच रुंद व चौदा इंच लांब अशा वाटेंत शिरावयास पांच-सहा वर्षांचीं पोरें लागत. १७७५ सालीं पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्यानें काजळीपासून या धंद्यांतील लोकांस होणारा कर्करोग दाखवून दिला. १७८८ च्या कायद्यानें आठ वर्षांखालील मूल कामावर ठेवण्यास मनाई केली. ती मनाई कागदावरच राहिली. १८०३ च्या सुमारास जॉर्ज स्मार्टनें जोडकाठ्यांचा ब्रश काढला, म्हणजे वस्तुतः पोराची गरज उरली नव्हती. तरी १८४० ची बंदी आणि १८६४ ची दुरुस्ती दोन्ही झुगारून पोरें वर चढतच राहिलीं. सारा दोष धंदेवाल्या उस्तादांच्या माथीं मारणें सोपें आहे. परंतु यंत्रानें गालिचे मळतात, वांकडी वाट नीट निघत नाहीं, अशी कुरकुर करून पोरच मागणारे घरवाले चांगले प्रतिष्ठित होते. त्यांच्या लेखीं भरंवशाचा म्हणजे गालिचा न मळविणारा! १८७५ सालीं जॉर्ज ब्र्यूस्टर नांवाचा पोर केंब्रिजजवळच्या एका इस्पितळाच्या धुरांड्यांत अडकला व बाहेर काढल्यावर थोड्याच वेळांत मेला. त्याच्या मालकास सहा महिन्यांची कैद झाली. लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनीं त्याच वर्षीं नवा कायदा करवून घेतला, आणि धुरांडें साफ करणारानें दरवर्षीं पोलिसांचा दाखला घेतला पाहिजे असें ठरलें. दारांत आलेल्या मनुष्याजवळ दाखला मागण्याची सोय घरवाल्यास येथून मिळाली.

आपल्या हवेच्या ठिकाणीं साहेबानें धुरांडें आणलें, पण हा धंदा व हा दाखला आणला नाहीं. पुढें वर्ध्याच्या मगनवाडींतून निघालेल्या मगनचुलीनें धुरांडें शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरांतही नेलें. १९८३ पासून सरकारनें सुधारलेल्या चुलींची देशव्यापी योजना चालविली. त्यांतल्या कित्येक चुली पुढें निकामी झाल्या, आणि त्याच्या कारणांत नळी वेळच्या वेळीं साफ न होणें हें एक होतें. नळी बसवावयास माणूस मिळे; साफ करण्याचें काम पुन्हां त्या बाईकडेच! २०१६ सालापासून उज्ज्वला योजनेनें खेड्यांत गॅस नेला, तो प्रश्न सोडवून नव्हे, वळसा घालून.

आंबोलीस भाड्यानें राहाणारानें धुरांडें कोणीं साफ करावयाचें, मालकानें कीं आपण, हें करारापूर्वींच विचारून घ्यावें. गडी हवा तो कौलें परतणाराच बरा; छपरावर चालण्याचें त्यास नवें नाहीं. इंग्लंडांतल्या खेड्यांत होलीच्या कांटेरी झुडपाची फांदी दोराच्या मध्यावर बांधीत, आणि एकानें वरून व एकानें खालून ती ओढावी अशी रीत होती. आंबोलीच्या रानांत करवंदीच्या जाळ्यांस तोटा नाहीं.