फेकलेलं अन्न उपग्रहाला कसं ‘दिसतं’? मिथेनची सोपी गोष्ट

आपण कचऱ्यात टाकलेला भात अंतराळातून दिसतो, असं मी म्हणालो तर? भात दिसत नाही, पण तो कुजल्यावर निघणारा वायू नक्की टिपता येतो. कसा, ते आज बघूया.

आधी आकडे

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं ६० टक्के हॉटेलांत नाही, तर घराघरांत! भारतातल्या घरांचा अंदाज आहे माणशी वर्षाला ५५ किलो.

अन्नापासून मिथेन कसा होतो?

डम्पिंग ग्राउंडवर ओला कचरा ढिगाखाली दाबला जातो. तिथे हवा पोहोचत नाही. मग ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू तो कुजवतात आणि मिथेन तयार होतो. गोबर गॅसमध्येही हाच वायू असतो. फरक एवढाच, की तिथे तो टाकीत अडवून शेगडीला देतात, इथे तो सरळ हवेत जातो.

२० वर्षांचा हिशोब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटीहून जास्त उष्णता अडवतो. शिवाय तो पेटतो. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईचं देवनार डम्पिंग ग्राउंड पेटलं, तेव्हा धुरामुळे आसपासच्या महापालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. म्हणजे कचरा सगळ्या शहराचा, पण धूर शेजारी राहणाऱ्यांच्या वाट्याला.

उपग्रह तो पकडतो कसा?

सूर्यप्रकाश जमिनीवर आपटून परत वर जातो. वाटेत मिथेन त्यातले ठराविक इन्फ्रारेड किरण शोषून घेतो. उपग्रहातलं यंत्र कोणते किरण कमी झाले ते मोजतं आणि त्यावरून वायूचं प्रमाण काढता येतं.

तुमच्या फोनमध्ये वाइड आणि झूम असे दोन कॅमेरे असतात ना? इथेही तसंच आहे. २०१७ मध्ये सोडलेला युरोपचा सेंटिनेल-५पी रोज जवळपास सगळी पृथ्वी बघतो, पण ढोबळ. कॅनडाच्या जीएचजीसॅट कंपनीचे उपग्रह छोटा भाग बारकाईने बघतात. दोन्ही वापरून शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये ब्यूनोस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबईच्या कचराभूमी तपासल्या. मुंबईतल्या एका ठिकाणाहून तासाला सुमारे ९.८ टन मिथेन निघत असल्याचं दिसलं!

मग खत केलं की झालं?

खत करणं चांगलंच. खड्डा किंवा बादली नीट हलवत राहिलं, हवा मिळाली, की मिथेन फारच कमी होतो. पण अन्न पिकवताना गेलेलं पाणी, खत, डिझेल परत येत नाही. एक किलो तांदळामागे जगात सरासरी २,५०० लिटर पाणी लागतं. म्हणून मुळात अन्न उरू न देणं हा पहिला उपाय, खत हा दुसरा.

फोन इथे काय करेल?

- बाजारात जाण्याआधी फ्रिजचा एक फोटो काढा. मी हेच करतो. घरात असलेली कोथिंबीर पुन्हा घेतली जात नाही.
- घरातल्या सगळ्यांची एकच शेअर केलेली यादी ठेवा, म्हणजे दूध दोघांकडून येणार नाही.
- पाकिटावरची तारीख वाचून रिमाइंडर लावा. ‘बेस्ट बिफोर’ ही चव आणि दर्जाची तारीख असते, तर ‘युज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ ही सुरक्षिततेची. दुसरी उलटली तर खाऊ नका.
- ऑफरमध्ये किमान रक्कम गाठायला म्हणून जादा डिश मागवू नका.

मिथेन हवेत साधारण १२ वर्षंच टिकतो. त्यामुळे आज कमी केलेल्याचा फायदा आपल्याच पिढीला दिसेल. तेव्हा मित्रांनो, ही माहिती घरच्या ग्रुपवर नक्की पाठवा, आणि आज रात्री पोळ्या किती लागतील ते आधी विचारून घ्या!