पिवळ्या वेलगुलाबाचे कुलवृत्त

गुलाबांच्या याद्या चाळताना ‘मारेशाल नील’ हे नाव आले म्हणजे पुष्कळांस वाटते की, हा कोणी फ्रेंच बागवान असावा. वस्तुतः तो तिसऱ्या नेपोलियनचा सेनापती. १८५९ मध्ये सोल्फेरिनोच्या लढाईनंतर त्यास मार्शलचा हुद्दा मिळाला, व १८६४ मध्ये मोंतोबाँ येथील प्रादेल याने एका सोनेरी पिवळ्या वेलगुलाबास त्याचे नाव दिले. सेनापतीस आज इतिहासकारांवाचून फारसे कोणी ओळखीत नाही. गुलाब मात्र उष्ण देशांतील बागांतून टिकून आहे. त्याचे कुळ शोधू गेल्यास आपण फ्रान्सात थांबत नाही, थेट अमेरिकेच्या दक्षिण भागात चार्ल्स्टन शहरी जाऊन पोहोचतो.

तेथे चॅम्पनीज नावाचा भातशेतीचा मोठा जमीनदार होता. ती शेती गुलामांच्या श्रमांवर चाले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याच्या बागेत कस्तुरीगंधी गुलाब आणि चीनचा बारमाही गुलाबी गुलाब यांच्या संकरातून एक नवी वेल निपजली. तिच्या बीजापासून त्याच शहरातील फिलिप न्वाझेत याने आणखी एक जात तयार केली, व पॅरिसमध्ये रोपांचा व्यापार करणारा आपला भाऊ लुई याजकडे धाडली. पुढे साऱ्या वंशास न्वाझेत हेच नाव पडले.

या फिलिपाचे चरित्र गुलाबांच्या पुस्तकांतून सहसा दोन ओळींत आटोपतात. आम्हांस ते तितके लहान वाटत नाही. सेंत-दोमिंग, म्हणजे हल्लीचे हैती, येथे गुलामांचे बंड पेटल्यावर तो चार्ल्स्टनला आला. बरोबर सेलेस्तीन ही आफ्रिकी वंशाची स्त्री होती. दोघांनी संसार केला, मुलेबाळे झाली. परंतु दक्षिण कॅरोलिनाच्या कायद्याने ती त्याची पत्नी नव्हे, मालमत्ता. आणि जी आईची स्थिती तीच मुलांची, या न्यायाने पोटची मुलेही मालमत्ताच. १८२० पासून विधिमंडळाच्या मंजुरीवाचून गुलामास मुक्त करण्याची वाटही बंद झाली. १८३५ मध्ये फिलिप वारला, तेव्हा या सर्वांस मुक्त करावे अशी इच्छा त्याने मृत्युपत्रात नमूद करून ठेविली होती. ज्याने एका रोपास समुद्रापार पाठवून कीर्ती मिळवून दिली, त्यास स्वतःच्या मुलांस स्वातंत्र्य देता येईना!

असो. पिवळा रंग या कुळात मुळीच नव्हता. युरोपात इराणकडील पिवळे गुलाब होते, पण ते वर्षातून एकदाच फुलत. १८२४ मध्ये जॉन पार्क्स याने लंडनच्या उद्यानसंस्थेसाठी चीनहून चहाच्या सुवासाचा फिकट पिवळा गुलाब आणिला. बारीक पिवळ्या घोसांची, जवळजवळ बिनकाट्याची बँक्सिया वेलही त्याचीच आणलेली. फ्रेंच बागवानांनी या चिनी पिवळ्याचे रक्त न्वाझेतच्या वंशात आणिले. १८३० मध्ये लामार्क निघाला, पांढरा, पण गाभ्याशी लिंबाची झाक असलेला. त्याच्या बीजातून १८४३ मध्ये क्रोमातेला. आणि पुढे त्याच कुळात मारेशाल नील. चहागंधी गुलाबांची मूळ पूर्वज मानली जाणारी थोर फुलांची रानवेल १८८२ मध्ये जॉर्ज वॉट यास आपल्या मणिपुराच्या डोंगरांतही आढळली. तेव्हा या गुलाबास निव्वळ विलायती म्हणणे आम्हांस जड जाते.

चीनकडून रंगाबरोबर नाजूकपणाही आला. उत्तर युरोपचा हिवाळा मारेशाल नीलास मानवत नाही. इंग्लंडात हौशी लोक त्यास काचगृहात वाढवीत. शिवाय त्याचा देठ दुबळा, फुलाच्या भाराने वाकणारा. फुलदाणीत हे वाईट दिसते खरे. पण वेल कमानीवर चढविली म्हणजे खालून जाणाऱ्याकडे प्रत्येक फूल तोंड करून असते. मात्र दरवर्षी कात्री चालविण्याची आपल्या माळ्यांची सवय येथे घातक. आमच्याकडे एकदा झुडपी गुलाबांबरोबर अशी वेलही गुडघ्याएवढी छाटली गेली, आणि त्या वर्षी पाने तेवढी पाहावयास मिळाली. जुन्या फांद्या राखून आडव्या बांधाव्या. मग डोळ्याडोळ्यातून धुमारे फुटतात व त्यांवर कळ्या धरतात.