बावीस जून १८९७

चिंचवडच्या चापेकर बंधूंवरील मराठी ऐतिहासिक चित्रपट (१९७९). दिग्दर्शक नचिकेत व जयू पटवर्धन हे पतिपत्नी मूळचे वास्तुविशारद. संवादलेखन विजय तेंडुलकर यांचे असून पटकथेत शंकर नाग यांचाही सहभाग होता.

प्लेगनिवारणाच्या मोहिमेत गोरे शिपाई पुण्यातील घरांत शिरून झडत्या घेत. माजघर आणि देवघरही त्यांतून सुटत नसे. या मोहिमेचा प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड याच्याविषयी लोकांत संताप साचला होता. चिंचवडचे कीर्तनकार हरिभाऊ चापेकर यांचे पुत्र दामोदर व बाळकृष्ण यांनी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची रात्र निवडली. गणेशखिंडीतील समारंभातून परतणाऱ्या रँडवर दामोदरने गोळी झाडली. मागील गाडीतील लेफ्टनंट आयर्स्ट बाळकृष्णाच्या गोळीने तत्काळ ठार झाला. रँड ३ जुलै रोजी मरण पावला.

या कथेला वीररसाचा साज चढविणे सोपे होते. शीर्षकासाठी वीरपुरुषाच्या नावाऐवजी तारीख निवडण्यातच दिग्दर्शकांचा निराळा कल दिसतो. वाडे, दिवे, पोशाख यांचा तपशील काटेकोर असून निवेदन संयत आहे. सशस्त्र संघर्षाकडे असे अलिप्तपणे पाहण्याची रीत पूर्व युरोपीय चित्रपटांतही आढळते. बल्गेरियातील बिंका झेल्याझकोवा यांच्या १९६७ च्या चित्रपटात दुसऱ्या महायुद्धाच्या काळी आकाशात आलेला लष्करी फुगा पकडावयास निघालेले खेडूत हास्य आणि शोक यांच्या सीमेवर वावरतात. मराठी चित्रपटाला हास्याची ती वाट परवडणारी नव्हती. येथील प्रेक्षकाला शेवट आधीच ठाऊक होता आणि त्यात फितुरीही होती.

कटाचा छडा लावणाऱ्यास सरकारने वीस हजार रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. गणेश शंकर द्रविड याने दिलेल्या माहितीवरून दामोदर सापडला; १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्यास फाशी देण्यात आले. तुरुंगात त्याने आत्मवृत्त लिहिले होते. ८ फेब्रुवारी १८९९ रोजी धाकटा भाऊ वासुदेव व महादेव विनायक रानडे यांनी द्रविड बंधूंवर गोळ्या झाडल्या. सूडाची ही साखळी मे १८९९ मध्ये संपली : ८ तारखेस वासुदेव, १० तारखेस रानडे आणि १२ तारखेस बाळकृष्ण. हरिभाऊंचे तीनही पुत्र फासावर गेले.

सदाशिव अमरापूरकर यांनी लोकमान्य टिळकांची भूमिका केली. कलादिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार पटवर्धन दांपत्यास लाभला. चित्रपटास राष्ट्रीय एकात्मतेचाही पुरस्कार मिळाला. हत्येवरील चित्रपटाची ही निवड जराशी विलक्षणच म्हणावी लागेल.

चित्रपट आला तेव्हा चिंचवड कारखान्यांच्या वस्तीने वेढले जात होते. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका स्थापन झाली. चापेकरांचा वाडा आज स्मारकरूपाने उभा आहे.